भिंतीवरची राक्षसीण

जपानात भुताखेतांची, राक्षसांची चित्रे काढण्याची हौस मोठी. तोरियामा सेकिएन या चित्रकाराने १७७६ साली असले एक चित्रपुस्तक काढले, आणि पुढे त्याचे आणखी तीन भाग निघाले! आपण काही राक्षसीण घरात टांगणार नाही, असे वाटते ना? मग दिव्यांच्या अवसेच्या आधी अमरावतीला अंबादेवीच्या वाटेवर, नाहीतर अकोल्याच्या बाजारात एक फेरी मारा. आघाडा, दूर्वा, कापसाची वस्त्रे, आणि शेजारी जिवतीचे कागद.

वर खांबातून निघालेला नरसिंह आणि कालियावरचा कृष्ण. खाली हत्तीवर बुध, वाघावर बृहस्पती. मधोमध लेकुरवाळ्या जरा आणि जिवंतिका. यातली जरा ही चक्क राक्षसीण. मगधाच्या बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांना अर्धे अर्धे मूल झाले. दायांनी ते तुकडे चव्हाट्यावर टाकले. मांस खाणारी जरा तिथे आली. न्यायला सोपे जावे म्हणून तिने दोन्ही अर्धे जोडून धरले, तो मूल जिवंत होऊन टाहो फोडू लागले. मग कसले खाणे! तिने ते राजाच्या हवाली केले. तोच जरासंध. मुलांसह माझे चित्र जो भिंतीवर काढील त्याचे घर भरभराटेल, असे ती महाभारतातच सांगते. पूर्वी बायका गंधाने भिंतीवर जिवती काढीत. छापखाने आले तसा कागद आला.

कागद विकणाऱ्या आजीबाईंना मी मुद्दाम विचारले, "यातली राक्षसीण कोणती हो?" त्या रागावल्याच. "राकशीन कायची वं माय! थे त लेकराईची माय हाय."

ज्या काळी पाळण्यातले मूल राहील की नाही याचा भरवसा नव्हता, त्या काळच्या आयांनी मूल नेणारीलाच राखणीला बसवले. तो काळ गेला म्हणावे, तर याच अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात कुपोषणाने मुले दगावल्याच्या बातम्या १९९३ साली आल्याच. तिथे नुसता कागद काय करणार? पोटात अन्न हवे, वेळेवर दवाखाना हवा.

श्रावणी शुक्रवारी पुरणाच्या दिव्यांनी मुलांना ओवाळायचे. मूल पुण्या-मुंबईला असेल तर चारी दिशांना अक्षता टाकायच्या. त्या टाकताना भल्याभल्या बायकांचा हात जरा थांबतो.

जपानातही जरेची एक बहीण आहे, किशिमोजिन. ती मूळची आपलीच हारीती, मुले खाणारी यक्षिणी. बुद्धाने तिचे धाकटे लेकरू लपवले, तेव्हा तिला दुसऱ्या आयांचे दुःख कळले आणि ती मुलांची राखणदार झाली. तिला पाहायला जपान कशाला? अकोल्याहून खामगाव, बुलढाणा करीत अजिंठा गाठावा. लेणे क्रमांक २ मध्ये मुख्य गाभाऱ्याच्या उजव्या हाताच्या खोलीत ती मूल घेऊन बसली आहे. भोवतीच्या भिंतींवर पूजेला आलेल्या बायका रंगवल्या आहेत, आणि तिच्या पायाशी छडीवाले गुरुजी व मागे टिवल्याबावल्या करणारी पोरे कोरली आहेत. मुलांना ती जरूर दाखवा. सोमवारी मात्र जाऊ नका, लेणी बंद असतात.