ते ठीक गं, पण तुझं काय?

डिबेटचा विषय होता 'अमेरिकन निवडणूक आणि गर्भपात'. चिठ्ठीत माझ्या वाट्याला आली रिपब्लिकन उमेदवारांची, म्हणजे गर्भपाताला विरोध करणारी बाजू. म्हटलं, सोप्पं आहे! कॉन्व्हेंटमध्ये मॉरल सायन्सच्या तासाला दहा वर्षं हेच तर ऐकलं होतं.

वाचायला बसले आणि चाटच पडले. रेगन यांनी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७ मध्ये गर्भपाताचे नियम सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली होती. १९८० मध्ये अध्यक्षपदी निवडून आले ते मात्र विरोधक म्हणून. रॉम्नी १९९४ मध्ये सिनेटसाठी लढताना हक्काच्या बाजूने, २००८ च्या निवडणुकीसाठी उतरले तेव्हा विरुद्ध. ट्रम्पसुद्धा १९९९ मध्ये हक्काच्याच बाजूने बोलले होते! पुढे त्यांनी नेमलेले तीन न्यायाधीश बहुमतात होते, म्हणून तर २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा 'रो विरुद्ध वेड' निकाल रद्द झाला.

मी स्टेजवर ठासून सांगितलं, "माणसाचं मत बदलू शकतं!" टाळ्या पडल्या, बक्षीसही मिळालं.

रात्री मेसमध्ये रूममेट म्हणाली, "ते ठीक गं, पण तुझं काय? तुला काय वाटतं?"

मी नुसतीच भात कालवत राहिले. खरं सांगू? त्या उमेदवारांनी निदान मत बदललं तरी. माझ्याकडे मत नव्हतंच, शाळेत पाठ केलेलं उत्तर होतं.

त्या रात्री गर्भपाताविषयीचा आपला १९७१ चा कायदा पहिल्यांदा वाचायला घेतला.