हरिश्चंद्रगडची वाट

पन्नाशी उलटली, कीं माणसाला दोन उपदेश न मागतां मिळूं लागतात: साखर कमी करा आणि डोंगर चढूं नका. पहिला आम्हीं निमूटपणें ऐकला. दुसऱ्याचा भंग गेल्या पौषांत केला, त्याची ही हकीकत.

मंडळी चौघें: आमचे दादा, वहिनी आणि आम्ही उभयतां. बत्तीस वर्षांपूर्वीं ह्याच गडावर खिरेश्वराहून टोलारखिंडीच्या वाटेनें दादांनींच आम्हांला प्रथम नेलें होतें. निम्म्या वाटेवर आमचें ओझेंही त्यांच्याच खांद्यावर गेलें होतें. आतां त्यांची साठी जवळ आली आहे आणि उजवा गुडघा कुरकुरूं लागला आहे. परंतु ‘पुन्हां एकदां गड पाहूं’ हें म्हणणें त्यांचेंच. घरांतील वडील माणसाला ‘तुम्हांला झेपणार नाहीं’ असें सांगावें कोणीं?

हरिश्चंद्रगड हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत आहे. त्याचें तारामती शिखर सुमारें १४२० मीटर उंच. वर जाण्याच्या वाटा अनेक. त्यांत सौम्य ती पाचनईची, म्हणून आम्ही कोतूळवरून पाचनईस गेलों. तेथें एका घरीं पिठलें-भाकरीचें जेवण आटोपून दोन वाजतां चालूं लागलों. तरुण मंडळी ही वाट दोन-अडीच तासांत उरकतात. आम्हीं तीन तास धरले होते. सूर्यास्त कोंकणकड्यावरून पाहावयाचा, असा बेत होता.

आरंभींचा चढ झाडींतून आहे. कारवीच्या वाळल्या काड्या अंगाला घांसत होत्या. पाऊण तासानें वहिनी एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, ‘भावजी, मी बाई दमलें! थोडें बसूं या.’ सगळेच बसलों. पुढें बाहेर झुकलेल्या प्रचंड कातळभिंतीखालून वाट जाते. डोक्यावर खडकाचें छप्पर आणि बाजूला दरी. तेथेंही वहिनी दमल्या. मंगळगंगेच्या ओढ्याच्या पात्रांत त्या पुन्हां दमल्या. ऊन पिवळें पडूं लागलें होतें आणि आमच्या मनांत थोडी चडफड सुरू झाली. रोज सकाळीं पर्वती चढून येणाऱ्या वहिनींना आजच काय झालें?

मग सहज आमची दृष्टि त्यांच्याकडे गेली. श्वास संथ होता. कपाळावर घामाचा थेंब नव्हता. दादा मात्र दोन्ही हातांनीं गुडघा दाबून, तोंडानें ‘किती सुंदर हवा!’ म्हणत होते. आमच्या ध्यानांत सारें आलें आणि आपल्या चडफडीची लाज वाटली. सौभाग्यवतीनें तें आमच्या आधींच ओळखलें असावें. पुढचा बसण्याजोगा दगड दिसतांच ती म्हणाली, ‘वन्सं नाहींत बरोबर, म्हणून सांगतें; आतां माझेही पाय मोडले!’ त्यानंतर आम्हीं तिघांनीं दमण्याच्या पाळ्या वांटून घेतल्या.

सूर्यास्त अर्थातच हुकला. विजेरीच्या उजेडांत मंदिरापाशीं पोहोंचलों, तेव्हां थंडीनें दांत वाजत होते. गडावर प्रवाशांना जेवूंखाऊं घालणाऱ्या एका कुटुंबानें चुलीजवळ जागा दिली. वहिनींनीं पिशवींतून तेलाची बाटली काढली आणि कांहीं न बोलतां दादांच्या गुडघ्याला तेल लावलें.

सकाळीं हरिश्चंद्रेश्वराचें दर्शन घेतलें. चांगदेवांनीं शके १२३४ मध्यें, म्हणजे इ. स. १३१२ च्या सुमारास, आपला ‘तत्त्वसार’ ग्रंथ ह्याच गडावर लिहिला. जवळच केदारेश्वराची गुहा आहे. तेथील भव्य शिवलिंग बर्फासारख्या गार पाण्यांत उभें आहे आणि भोंवतींच्या चार खांबांपैकीं एकच शाबूत राहिला आहे. तो पाहून दादा म्हणाले, ‘देवापेक्षां माझें बरें! त्याचा चारांतला एक, माझा दोहोंतला एक.’

तेथून पश्चिमेस कोंकणकड्यावर गेलों. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हाच्या थरांनीं बनलेला हा कडा मध्यें आंत वळलेला आहे. जणूं कोणीं अर्धा रांजण उभा कापून ठेवला आहे. पावसाळ्याच्या अखेरीस दरींत धुकें असलें आणि सूर्य पाठीशीं असला, कीं धुक्यावर आपली छाया व तिच्याभोंवतीं रंगीत वर्तुळ दिसतें. हें इंद्रवज्र. कर्नल साइक्स ह्यांनीं ह्या गडावर तें पाहिल्याचें वर्णन १८३५ सालीं प्रसिद्ध झालें. आम्हांला तें दिसलें नाहीं. पण सह्याद्रीची निळी छाया खालच्या कोंकणावर दूरवर पसरली होती, आणि ऊन चढूं लागलें तशी ती कड्याकडे सरकत येत होती.

कड्याची कडा पाहावयाची, तर पालथें पडूनच पाहावी. बत्तीस वर्षांपूर्वीं आम्ही तसे पडलों असतां दादांनीं आमचे पाय धरले होते. ह्या वेळीं वहिनींनीं पदर खोंचला आणि त्या सरसावल्या. दादा मागें बसले व त्यांनीं दोन्ही हातांनीं त्यांचे घोटे घट्ट धरले.

‘अहो, सोडा! लोक काय म्हणतील?’ वहिनी दरींत पाहतच म्हणाल्या.

‘म्हणोत,’ दादा म्हणाले. ‘काल तूं माझ्यासाठीं बारा वेळां दमलीस, मीं मोजलें आहे. तेवढ्यासाठीं पाय धरायला काय हरकत?’

वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. त्या बराच वेळ तशाच खालीं पाहत राहिल्या.

उतरतांना दादांनीं पहिल्याच वळणावर काठी टेंकली आणि मोठ्यानें सांगितलें, ‘मी दमलों!’ आम्ही सर्व लगेच बसलों.