पगाराचा पाया

पगाराची स्लिप वाचायला मला अण्णांनी शिकवलं. आयटीआय करून मी भोसरीच्या एमआयडीसीत, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात लागलो, तेव्हा महिन्याला हातात पडतो तो पगार, एवढीच माझी समज होती. अण्णा प्रेस शॉपमधले जुने ऑपरेटर. युनियनच्या कमिटीत होते, करारासाठी मॅनेजमेंटसमोर बसायचे.

मला दुसरीकडून जास्त पगाराचं पत्र आलं, तेव्हा मी ते आधी त्यांनाच दाखवलं. त्यांनी बेसिक आणि महागाई भत्त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली. “भत्ते नंतर बघ. आधी हे बघ.” मग हिशेब मांडला. प्रॉव्हिडंट फंड या दोन आकड्यांवर 12 टक्के, मालकाचा वाटाही तेवढाच. ग्रॅच्युइटी वर्षाला 15 दिवसांची, महिना 26 दिवसांचा धरून. दोन्ही मिळून 26,000 असतील तर एका वर्षाचे 15,000 होतात, 13,000 असतील तर 7,500. वीस वर्षांत दीड लाखाचा फरक. मी तिथेच राहिलो.

पुढे त्यांनीच मला कमिटीत घेतलं. आमच्या पट्ट्यात करार बहुधा तीन वर्षांचा असतो. वाढ भत्त्यात टाकली की पुढची देणी वाढत नाहीत, म्हणून मालकाचा कल तिकडे. घराचे हप्ते असलेल्या तरुणांनाही रोख जास्त हवी असायची. अण्णा त्यांच्यावर कधी चिडले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत एकेकाशेजारी बसून तोच हिशेब मांडायचे. माणसं जोडायची कशी, हे मी तिथं शिकलो.

मालकाची अडचणही त्यांनीच दाखवली. गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या पार्टचा भाव दरवर्षी उतरवून मागतात. पोलादाचा दर पार्ट बनवणाऱ्याच्या हातात नसतो, मग कात्री मजुरीला लागते. परमनंट माणूस निवृत्त झाला की त्याच्या मशीनवर कंत्राटी पोरगा येतो, 240 दिवस भरायच्या आत ब्रेक घेऊन जातो. “आपला करार झाला, त्याचं काय?” हा प्रश्न अण्णांनी विचारेपर्यंत मला सुचलाही नव्हता. कंत्राटी कामगाराला त्याच कामाचं तेच वेतन द्यावं, असं कंत्राटी कामगारांविषयीच्या 1971च्या नियमांतच होतं, हे त्यांनी मला वाचून दाखवलं. आजही बऱ्याच लाइनवर शेजारी-शेजारी उभ्या दोघांच्या पगारात मोठी तफावत आहे. ते काम अजून व्हायचं आहे.

सर्वांना सरसकट मिळणारे भत्ते फंडासाठी मूळ वेतनातच धरावेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2019मध्ये दिला. त्याच वर्षीच्या वेतन संहितेनं, भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचं ठरवलं. ती संहिता 21 नोव्हेंबर 2025पासून लागू झाली. अण्णा जे पेन्सिलीनं सांगत होते, ते आता कायद्यात आलं आहे.

माझा फंड, माझी ग्रॅच्युइटी, कमिटीतला माझा शब्द, सगळ्यामागे अण्णा आहेत. हे ऋण त्यांना परत करता येत नाही, पुढे देता येतं. म्हणून कारखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला विनंती: या महिन्याच्या स्लिपवर बेसिक आणि महागाई भत्त्याखाली रेघ मारा, आणि शेजारच्या मशीनवरच्या कंत्राटी पोरालाही त्याची स्लिप वाचायला शिकवा.