कोळसा, कोळसा आणि खडखड्या

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमची मालदांडी लोळायला लागली. दाणे हुरड्यात, आणि ताट बुडातनं मोडलेलं. फोटो एका ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत उत्तर आलं, ‘चारकोल रॉट’. चारकोल म्हणजे कोळसा, एवढं घरात सगळ्यांना कळतं. आप्पा ओसरीवरनं म्हणाले, "टाक अजून कोळसा रानात."

कारण असं, की उन्हाळ्यात मी तुराट्या आणि बांधावरची वेडी बाभूळ खड्ड्यात जाळून, निखारे लाल असतानाच पाण्यानं विझवून कोळसा केला होता. बायोचार म्हणतात तो. शेणकाल्यात तीन आठवडे भिजवून दहा गुंठ्यांत मिसळला. (कोरडा टाकला तर रानातलं नत्र आधी तोच धरून बसतो.) गावात बातमी गेली, ह्यानं कोळसा टाकला आणि रोग आणला. त्याआधी भावकीतला एक जण माझं बघून वीटभट्टीवरची दगडी कोळशाची राख ट्रॉलीभर आणायला निघाला होता! कसंबसं थांबवलं. रानं आधीच चुनखडीची, त्यात ती राख कशाला?

इंग्रजीत कोल वेगळा, चारकोल वेगळा. आपल्याकडं खाणीतला दगडी, लाकडाचा लोणारी. आमच्या भागातल्या लोणाऱ्यांच्या भट्ट्या बंद झाल्या तसा शब्दही मागं पडला, सगळा नुसता कोळसाच राहिला.

मग ताटं चिरून बघितली. बुडाकडच्या कांड्यांत गर संपलेला, नुसते दोरे, आणि दोऱ्यांवर बारीक काळे ठिपके, कोळशाची पूड उडवल्यासारखे. त्या मॅक्रोफोमिना बुरशीच्या गाठी. जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतात. दाणे भरताना ओल तुटली आणि ऊन वाढलं की रोग उसळतो. नावातला चारकोल तो ह्या काळ्या पुडीचा. खड्ड्यात लालबुंद झालेल्या कोळशात बुरशी जगेल कशी? त्यापेक्षा आपलं ‘खडखड्या’ नाव बरं. वाळल्या ताटांत वारं शिरलं की कानाला कळतं.

तरी शंका नको म्हणून शंभर-शंभर ताटं मोजली. कोळशाच्या पट्टीत २२ पडलेली, शेजारी २५. मुरमाच्या बाजूला ४३. तीन ताटांचा फरक मी कोळशाच्या नावावर मांडणार नाही.

चूक माझीच. एकरी चार किलो बी पुरे असताना सहा गेलं, विरळणी केली नाही, वर पीक काळंभोर दिसावं म्हणून युरिया जादा. आठव्या आठवड्याची कोळपणी राहिली आणि भेगा पडल्या. पोटरीत विहिरीचं एक पाणी देता आलं असतं, ते मी कांद्याला दिलं. मोजणी ऐकून आप्पा एवढंच म्हणाले, "कोळसा केलास, मग कोळपणी कोण करणार होतं?"

पुढच्या साली तिथं हरभरा घ्यायचा विचार होता. पण हरभऱ्याची कोरडी मूळकुज हीच बुरशी करते, तेव्हा ते रान सोडून दुसरीकडं घेईन. ज्वारी तिथं परत केली तर विरळ, आणि पोटरीचं पाणी राखून.

कडबा निम्माच निघाला. काल रोगाची धसकटं वेचून त्याच खड्ड्यावर नेली. काडीपेटी घेऊन आप्पा स्वतःच आले.