राखीव बाक

आपल्या अपुऱ्या आकांक्षा पुऱ्या करण्यासाठीच मनुष्यास अपत्ये होतात, असा आमचा समज होता. म्हणून अलिबागच्या पुळणीवर चेंडू लाथाडणाऱ्या चिरंजीवांस आम्ही मुंबईच्या एका फुटबॉल क्लबात घातले. 1891 साली जेथे रोव्हर्स चषक सुरू झाला, त्या नगरीत त्यांचे भाग्य उजळेल, ही आशा! दर रविवारी मांडवा गाठावे, 2020 साली सुरू झालेल्या रो-रो बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरावे, आणि चिरंजीवांनी सामना संपेपर्यंत राखीव बाकावर बसावे, हा क्रम वर्षभर चालला. फी मात्र खेळणाऱ्यांइतकीच! प्रशिक्षकांस विचारावे, तर "धीर धरा" हे ठरलेले उत्तर.

एकदा परतताना बोटीवर आम्ही संतापून मुलासच बोललो. तो एवढेच म्हणाला, "बाबा, मला ओहोटीला खेळायचंय."

पुढल्या रविवारी आम्ही मुंबईस गेलो नाही. कुलाबा किल्ल्याकडची वाळू ओहोटीने उघडी पडली होती. चार चपलांचे दोन गोल मांडून मुले अनवाणी धावत होती. तेथे राखीव बाक नव्हता. क्लबावरील आमचा राग अद्याप गेलेला नाही. परंतु त्यातील निम्मा आमच्याच वाट्याचा, हे त्या वाळूत बसून आम्हांस कळले.