खोकलीची मुळी

पावसाळा लागला की आमच्या परड्यात, वांग्याच्या वाफ्यांत खोकली माजायची. हातभर उंचीचं तण. खोकल्यावर औषध म्हणून हे नाव. आमच्या घरी मात्र ती मांजरांची होती. जमिनीत उभी असेपर्यंत मांजर तिच्याकडं ढुंकूनही बघत नसे. आईनं उपटून मुळी उघडी केली, की कुठनं वास लागायचा कुणास ठाऊक, गल्लीतली दोन-तीन मांजरं कुंपणातनं आत. मुळी चावायची, तिच्यावर गाल घासायची, लाळ गाळत मातीत लोळायची.

त्यांत चुलत्यांचा तांबडा बोका हमखास असायचा. बांधावरनं वाद होऊन दोन्ही घरांचं बोलणं चार वर्षं बंद होतं. एकदा मी त्याच्यावर ढेकूळ उगारलं. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्येला काय ठावं बांध कुणाचा?"

एका श्रावणात दिवेलागण झाली तरी बोका आमच्याकडंच लोळत होता. चुलती कुंपणाशी येऊन उभी राहिली. हाक बोक्याला मारत होती, बघत होती आईकडं. आईनं बोका उचलून तिच्या हातात दिला, वर दोन मुळ्या दिल्या.

"खोकली हाय. लई आवडती त्येला."

"आमच्यात उगवत न्हाई बघ," चुलती म्हणाली.

खोटं होतं. त्यांचं परडं खोकलीनं भरलेलं मला दिसत होतं. आईलाही दिसत होतंच.

बांधाचा वाद पुढंही मिटला नाही. पण दुसऱ्या दिवसापासनं आई उपटलेल्या मुळ्या कुंपणापाशी घेऊन जायची आणि चुलतीला हाक मारायची.