पाठीवरचा खो

परगावच्या माणसाला मी धाराशिवची असे सांगितले की तो एक तर तुळजाभवानीचे नाव काढतो, नाही तर दुष्काळाचे. खो-खोचे नाव काढणारा क्वचितच भेटतो. वास्तविक २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार सारिका काळे आमच्याच. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांना घडविणारे चंद्रजित जाधव सरही इथलेच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरविले. त्या संघातही आमची अश्विनी शिंदे होती.

माझी स्वतःची धाव आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपर्यंतच. पण पदवीनंतर बी.पी.एड. करावे, जमल्यास पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून प्रशिक्षणाची पदविका घ्यावी आणि प्रशिक्षक व्हावे असे माझ्या मनात आहे. हे घरी बोलले तेव्हा बाबा म्हणाले, "आता सगळं मोबाइलवर शिकायला मिळतं. तुला पगार देऊन कोण ठेवणार?"

बाबांचे अगदीच चूक आहे असे नाही. गेल्या वर्षी आम्ही आमचे सामने मोबाइलवर टिपले. आमची एक मैत्रीण खांबाकडे सूर मारण्याआधी डावा खांदा पाडते, आणि पळणारी तेवढ्यावरूनच सावध होते. सर हे तिला दोन वर्षे सांगत होते. संथ गतीने चित्र पाहिले आणि तिला ते एका मिनिटात पटले! कोणती मुलगी किती सेकंद टिकली, कोणत्या बाजूला बाद झाली, याचा हिशेब तर यंत्र आपल्यापेक्षा चोख ठेवील. मातीवर अनवाणी खेळणाऱ्या आम्हांला मॅटवर बूट घालून कसे वळायचे, तेही पडद्यावर पाहूनच प्रथम कळले.

पण खो-खोची एक गंमत आहे. आपण पाटीत बसलेलो असतो आणि खो येतो पाठीमागून. तळव्याचा स्पर्श आणि "खो" हा शब्द, दोन्ही मिळाल्याशिवाय उठता येत नाही. सर आम्हांला डोळे मिटून बसवीत आणि केवळ पावलांच्या आवाजावरून कोण येते आहे ते ओळखायला लावीत. समोर कॅमेरा लावून हे शिकविता येईल का? उद्या कदाचित येईलही. यंत्राच्या अकलेला मी कमी लेखत नाही.

दिवाळीनंतरचे काम मात्र त्याच्याच्याने होईल असे वाटत नाही. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतली कितीतरी घरे तेव्हा ऊसतोडीला जातात. मुलगी बरोबर गेली की तिचा सराव बुडाला, आणि बहुधा शाळाही. अशा वेळी सर तिच्या घरी जाऊन बसतात. आजीजवळ ठेवा म्हणतात, एस. टी. च्या पासाचे, अंड्या-दुधाचे मी बघतो म्हणतात. कधी हात हलवीत परत येतात, कधी मुलगी मैदानावर दिसते. शिवाय मुलींच्या काही अडचणी अशा असतात की त्या सरांना सांगता येत नाहीत. तिथे बाईच हवी. मला प्रशिक्षक व्हायचे आहे ते मुख्यतः त्यासाठी.

हे सगळे मी बाबांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बरं, या घरोघरी फिरण्याचे तुमच्या सरांना किती मिळतात?"

सर शाळेत शिक्षक आहेत. संध्याकाळचे मैदान ते फुकट चालवितात. रंगाऱ्याचे पैसेसुद्धा खिशातूनच. म्हणजे ज्या व्यवसायाचे मोबाइलपुढे काय होणार याची चिंता आम्ही करीत होतो, तो आमच्या जिल्ह्यात अजून व्यवसाय झालेलाच नाही. बाबांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. बी.पी.एड.च्या प्रवेश परीक्षेचा अर्ज मात्र मी भरून ठेवला आहे.